अशौच, पातक आणि ब्राउझरचा लाल इशारा

छंदापायी चालवलेल्या संकेतस्थळात परक्या कोणी घातक कोड घुसवला, की ब्राउझर तिथे येणाऱ्याला दारातच अडवतो. मजकुराऐवजी लाल पान उघडते आणि पुढे धोका आहे, मागे फिरा, असे सांगते. पाषाण तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी, सह्याद्रीतल्या आडवाटेच्या किल्ल्यांची माहिती, शिवराई नाण्यांची छायाचित्रे, जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या अशा विषयांची संकेतस्थळे पुण्यात हौसेने चालवली जातात. ती चालवणारा बहुधा एकटाच असतो, नोकरी किंवा निवृत्ती सांभाळून. त्याने कोणाचे वाईट चिंतलेले नसते, तरी त्याच्या नावावर जगभर धोक्याची पाटी लागते. येथे जो प्रश्न उभा राहतो तो धर्मचिंतनाला जुना आहे: ज्याने काही केले नाही तो दूषित होऊ शकतो का, आणि झाला तर इतरांनी त्याच्याशी कसे वागावे?

घुसखोरीची रीत बहुतेक वेळा साधी असते. वर्डप्रेससारख्या प्रणालीवर उभारलेल्या संकेतस्थळात एखादे प्लगइन वर्षानुवर्षे अद्ययावत केलेले नसते, विकतची थीम चोरट्या प्रतीतून फुकट घेतलेली असते, किंवा एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरलेला असतो आणि त्यातल्या एका ठिकाणाहून तो फुटलेला असतो. अशा फटी शोधायला माणसे बसत नाहीत. ते काम आपोआप चालणारे प्रोग्राम करतात. पत्त्यामागून पत्ता तपासत जातात आणि जिथे वाट मिळेल तिथे कोड टाकतात. हल्ला करणाऱ्याला ना पक्ष्यांशी देणेघेणे असते, ना पक्ष्यांच्या नोंदी करणाऱ्याशी वैर. टाकलेला कोड पानात न दिसणारी चौकट उघडतो, दुसरीकडून स्क्रिप्ट ओढून आणतो किंवा येणाऱ्याला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतो. यातला सर्वांत लबाड प्रकार फक्त शोधयंत्रातून आलेल्यांना किंवा मोबाइलवाल्यांनाच पळवतो. मालक आपला पत्ता थेट टाइप करून येतो, त्यामुळे त्याला सगळे जिथल्या तिथे दिसते. ओळखीच्या कोणी फोन करून ‘अहो, तुमची साइट लाल दाखवतेय’ असे सांगितले, तरी ब्राउझरच चुकतो आहे असे त्याला वाटते. त्याचे प्रत्यक्ष खरेच असते. फक्त ते त्याच्यापुरते असते.

इशारा देणारी यादी वेगळीकडे तयार होते. गुगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ व्यवस्थेतली यंत्रे जगभरची पाने बंदिस्त संगणकात उघडतात आणि पान उघडल्यावर त्या संगणकात काही गैर घडते का ते पाहतात. घडले, तर तो पत्ता यादीत जातो. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे तिन्ही ब्राउझर ही यादी वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ‘स्मार्टस्क्रीन’ नावाची वेगळी व्यवस्था आहे. सगळे पत्ते ब्राउझरपाशी नसतात. पत्त्यांवर गणिती प्रक्रिया करून काढलेल्या सांकेतिक संख्यांचे फक्त सुरुवातीचे तुकडे त्याच्याकडे असतात. त्यातला एखादा जुळला की तो मूळ यादीकडे पूर्ण खात्री करून घेतो आणि मग लाल पान दाखवतो.

ज्ञात दोषांची यादी ठेवून पडताळणी करण्याची कल्पना ब्राउझरहून जुनी आहे, आणि पुण्याला ती चांगली परिचित आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेले कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात याच शहरात ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस उभा केला. पण अँटिव्हायरस वापरणाऱ्याला त्याच्याच यंत्राबद्दल सांगतो. रोग कळला, साफसफाई झाली, शेजाऱ्याला पत्ता लागला नाही. ब्राउझरचा इशारा दुसऱ्याच्या घराबद्दल तिसऱ्याला सांगतो, आणि घरमालकाला बहुधा सर्वांत शेवटी कळते. नैतिक प्रश्न या जाहीरपणातून येतो.

पातक आणि अशौच यांचा विचार धर्मशास्त्रात शेजारी-शेजारी होतो. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा चौथा खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पातके व प्रायश्चित्ते आहेत, आणि त्याच खंडात अशौच व शुद्धीही आहेत. शेजार इतका जवळचा असूनही दोन्हींचे नियम वेगळ्या तत्त्वावर उभे आहेत. पातकाला कर्ता लागतो. कोणी तरी काही तरी केलेले असावे लागते. अशौचाला फक्त घटना आणि नाते पुरते. भाऊबंदांत मृत्यू झाला, सुतक आले. मूल जन्मले, सोयर आले. मूल जन्मण्यात कसला दोष? घरातली ती सर्वांत आनंदाची गोष्ट, तरी त्या दिवसांत देवपूजा होत नाही. सुतक असलेल्याला कोणी पापी म्हणत नाही, त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहत नाही. काही दिवस त्याच्या हातचे काही कामांत चालत नाही, एवढेच. ही अवस्था आहे, अपराध नव्हे, आणि तिला मुदत आहे.

त्या मुदतीत विषमताही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. स्मृतींनी वर्णांनुसार दहा, बारा, पंधरा आणि तीस दिवसांचे अशौच सांगितले. घटना तीच, पण शूद्राला ब्राह्मणाच्या तिप्पट काळ. त्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होत नाही. त्याच ग्रंथांनी मात्र राजा, कारागीर आणि वैद्य यांना आपापल्या कामापुरती तात्काळ शुद्धीही दिली. कारण काम थांबले तर भोगणारे दुसरेच असतात. अवस्थेचे परिणाम गरजेपुरतेच ठेवावेत, हा विचार त्यामागे दिसतो.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला ‘धर्मसिंधु’ महाराष्ट्रात निर्णयासाठी आजही उघडला जातो. दूर देशी झालेल्या मृत्यूची वार्ता उशिरा कळली तर काय, हा अशा निबंधग्रंथांत बारकाईने हाताळलेला प्रश्न आहे. सामान्य नियम असा, की वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस पाळायचे. नंतर कळली तर मुदत कमी होते, फार उशिरा कळली तर नात्याप्रमाणे केवळ स्नानानेही भागते. मधल्या काळात त्या माणसाने न कळता पूजा केली, जेवणे घातली, तर तो दोषी ठरत नाही. घटना घडल्याने नव्हे, घटना कळल्याने बंधन लागू होते.

छंदाच्या संकेतस्थळाला हा नियम फार नेमका लागतो. कोड जानेवारीत घुसला आणि मालकाला मार्चमध्ये कळले, तर मधल्या दोन महिन्यांत जे कोणी येऊन बाधित झाले त्यांची हानी खरी असते, पण त्या हानीचे कर्तृत्व त्याच्याकडे जात नाही. मार्चमधल्या त्या फोनपासून मात्र त्याची जबाबदारी सुरू होते. त्यानंतर ‘ब्राउझरलाच काही तरी झाले असेल’ म्हणून आठवडाभर बसून राहणे हे अज्ञान उरत नाही.

इतकेच असते तर प्रश्न सोपा झाला असता. अज्ञान नेहमी निरपराध असते का, याबद्दल भारतीय परंपरांत एकमत नाही. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती नकळत घडलेल्या पापाला हलके मानतात. ते प्रायश्चित्ताने फिटते याबद्दल शंका नाही, वाद होतो तो जाणूनबुजून केलेल्या पापाबद्दल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन नेमके उलटे सांगतो. राजा मिलिंद विचारतो, जाणून पाप करणाऱ्याला अधिक दोष की नकळत करणाऱ्याला? नागसेनाचे उत्तर: नकळत करणाऱ्याला. तापून लाल झालेला लोखंडी गोळा माहीत असून धरणारा जपून धरतो; माहीत नसलेला घट्ट धरतो आणि जास्त भाजतो. दंड किती करावा याबद्दल हे उत्तर अन्यायाचे वाटेल. हानी कशी होते याबद्दल ते बिनचूक आहे. जो मालक आपल्या संकेतस्थळाकडे वर्ष वर्ष फिरकत नाही, त्याच्याकडेच घुसखोर सर्वांत जास्त दिवस सुखाने राहतो.

जैन विचाराने या दोन टोकांमधली जागा धरली, आणि या प्रश्नापुरती तीच सर्वांत भक्कम आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा आवश्यक घटक आहे. पाहून, जपून चालणाऱ्या साधूच्या पायाखाली जीव आला तर त्याला हिंसेचा दोष लागत नाही. बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली कोणी आले नाही तरी तो दोषमुक्त नाही. याप्रमाणे पाहता छंदवाल्यांचे दोन वर्ग पडतात. एकाने प्लगइन वेळच्या वेळी बदलले, पासवर्ड वेगळे ठेवले, प्रती जपल्या. तरी कोणालाच ठाऊक नसलेल्या एखाद्या नव्या फटीतून घुसखोर आला. दुसऱ्याने चोरट्या प्रतीतली थीम बसवली आणि पाच वर्षे तिकडे पाहिले नाही. ब्राउझरला दोघे सारखेच दिसतात आणि दोघांच्या दारावर एकच लाल पान येते. ते तसेच असायला हवे, कारण येणाऱ्याला धोका दोन्हीकडे तोच आहे. चूक सुरू होते ती त्या पानावरून दोघांची नीतिमत्ता ठरवली जाते तेव्हा.

भारतीय कायदाही असाच भेद करतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात विषाणू घालण्याबद्दल नुकसानभरपाई आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकतो. हेतूशिवाय गुन्हा नाही, आणि गुन्हा नसला तरी हानी शिल्लक राहते.

दूषिताला खूण करण्याचा पुण्याचा अनुभव सुखाचा नाही. १८९६ च्या अखेरीस शहरात प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि मार्चमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली घरझडत्या सुरू झाल्या. गोरे सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले. रुग्ण इस्पितळात गेले, त्यांच्या घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत, सामानसुमान जाळले गेले. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली जात. रोग खरा होता, वेगळे ठेवणेही आवश्यक होते. टिळकांनी स्वतः प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ चालवले. पण ज्या रीतीने ते झाले त्यात रोग्याला रोगी मानले गेले नाही, अपराधी मानले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली आणि ३ जुलैला ते मरण पावले. झडत्या सुरू होण्याच्या काही दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली होती. त्या मुलाला स्पर्श केला तर धोका आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले आणि आठवडाभरात घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारायचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. शिक्का मारून घेणे कोणालाच आवडले नसेल. पण त्यावर विलगीकरण कधी संपणार ती तारीख होती, आणि प्लेगच्या काळातल्या भिंतीवरच्या अक्षरांहून तो निराळा होता तो त्या तारखेमुळे.

तारीख नसलेली खूण कुठपर्यंत जाते, तेही याच शहराने दाखवले आहे. पेशवाईत पुण्यातल्या अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या निबंधात लिहिले आहे. येथे घटना नाही, मुदत नाही, शुद्धीचा विधी नाही, दाद मागायला जागा नाही. अशौचाशी या प्रथेचे नाते जोडून तिला शास्त्राची सोय करून देण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. तो टिकत नाही, कारण अशौच सर्वांना येते आणि सर्वांचे जाते. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी ती खूणच अमान्य केली. खुणेची नैतिक परीक्षा यातून ठरते. तिला दाखवता येईल असे कारण हवे, ती व्यक्तीला नव्हे तर अवस्थेला लावलेली हवी, आणि ती जाण्याची वाट खूण लागलेल्याच्या हाती हवी.

कारण खरे आहे हे कोण सांगते, हाही प्रश्न आहे. न्यायदर्शनात शब्दप्रमाणासाठी आप्त हवा: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायनांनी भाष्यात आणखी एक मोकळेपणा दाखवला. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ तिघांनाही सारखेच लागू आहे, असे ते म्हणतात. वक्त्याच्या कुळावर काही नाही. कॅलिफोर्नियातली एक कंपनी या व्याख्येत तत्त्वतः बसू शकते. तिच्या यंत्राने पान उघडून पाहिलेले असते, आणि यंत्राला खोटे बोलण्याचे कारण नसते. कंपनीला कारणे असू शकतात, म्हणून संशयाला जागा उरते. ‘सर्वदर्शनसंग्रहा’त ज्ञानाचे प्रामाण्य कुठून येते याबद्दलची चार मते मांडली आहेत, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या टीकेसह हा ग्रंथ भांडारकर संस्थेनेच १९२४ मध्ये काढला. त्यातले मीमांसकांचे मत असे, की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाध, म्हणजे त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान, आला तरच ते सोडायचे. ब्राउझर नकळत मीमांसक आहे. तो प्रत्येक संकेतस्थळ विश्वासाने उघडतो आणि यादीत बाध सापडला तरच थांबतो.

बाध सांगणाराच चुकला तर? ३१ जानेवारी २००९ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे शनिवारी रात्री आठ ते नऊच्या सुमारास, गुगलच्या शोधनिकालांत जवळपास प्रत्येक संकेतस्थळापुढे ‘हे तुमच्या संगणकाला अपाय करू शकते’ अशा अर्थाचा इशारा झळकला. यादीत एका माणसाच्या हातून केवळ एक तिरकी रेघ नोंदली गेली होती, आणि ती रेघ प्रत्येक पत्त्यात असते. तासाभराच्या आत दुरुस्ती झाली आणि कंपनीने त्याच दिवशी चूक कबूल केली. सगळेच अशुद्ध ठरल्यामुळे ती लगेच उघडी पडली. चूक एकाच लहान संकेतस्थळापुरती असती, तर ते ओरडून सांगायला फारसे कोणी नसते. छंदवाल्याची खरी अडचण येथे आहे: त्याच्या बाजूने बोलणारे थोडे असतात.

इशारा ऐकणारेही सगळे सारखे नसतात. देवदत्त अखावे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी २०१३ मध्ये अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घातक कोडचा इशारा डावलून पुढे जाणाऱ्यांचे प्रमाण फायरफॉक्समध्ये ७.२ टक्के होते आणि क्रोममध्ये २३.२ टक्के. लोक आंधळेपणाने पुढे जातात हा समज त्यातून बराचसा खोटा ठरला, आणि इशारा कसा मांडला आहे यावर बरेच अवलंबून असते हेही दिसले. पुढे जाण्याची वाट लाल पानावर असते, बारीक अक्षरांत. ती असणे योग्यच आहे. सावध केलेल्या माणसाने धोका पत्करला तर तो त्याचा अधिकार आहे. ती वाट काढून टाकली की इशाऱ्याची बंदी होते.

शुद्धीचा मार्ग ठरलेला आहे. मालकाने गुगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये आपली मालकी सिद्ध करायची, तिथे दाखवलेली बाधित पाने पाहायची, घुसवलेला कोड काढायचा, ज्या फटीतून तो आला ती बुजवायची, सगळे पासवर्ड बदलायचे आणि फेरतपासणीची विनंती करायची. नुसता कोड काढून फट तशीच ठेवली तर घुसखोर परत येतो. यंत्राने पुन्हा पाहिल्यावर पान निर्मळ आढळले, तर नाव यादीतून जाते. फक्त तपासणी पार होईपर्यंत सफाई आणि नंतर पुन्हा तोच उद्योग, असे करणाऱ्यांसाठी २०१६ पासून वेगळा नियम आहे: त्यांना तीस दिवस फेरतपासणीच मागता येत नाही. येथे यंत्रणेने प्रथमच अवस्था सोडून वर्तनाकडे पाहिले, म्हणजे अशौचाकडून पातकाकडे पाऊल टाकले. पुनरावृत्ती हा हेतूचा पुरावा मानला तर त्यात गैर काही नाही.

लाल पान गेले की काम संपले, असे बहुतेक मालकांना वाटते. त्यांचे संकेतस्थळ शुद्ध झालेले असते. पण इशारा लागण्याआधी जे येऊन गेले त्यांना कोणीच काही सांगितलेले नसते. सुतक असलेला माणूस स्वतः फोन करून ‘आम्हाला सुतक आहे’ असे कळवतो, दुसऱ्याने पाटी लावण्याची वाट पाहत नाही. मनुस्मृतीत पापापासून सुटण्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत पश्चात्ताप, तप, अध्ययन आणि दान यांच्याआधी नाव येते ते ख्यापनाचे, म्हणजे घडले ते लोकांपुढे बोलून दाखवण्याचे. छंदाच्या संकेतस्थळावर त्याला दोन ओळी पुरतात: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत येथे घातक कोड होता, त्या काळात येऊन गेलेल्यांनी आपले यंत्र तपासून घ्यावे. ही नोंद निदान महिनाभर पहिल्या पानावर ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. जुनी प्रत चढवून गप्प बसणे पुरेसे नाही.